तंग आवळताना मी बोलले नाही

मामा,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लावून झाल्या आणि मग एकेक जण उठून बोलायला लागला. कुणी रेसकोर्सवरचे तुमचे जुने जोडीदार, कुणी शांती नगरातले शेजारी. एकाने सांगितलं, किसनरावांनी उभ्या आयुष्यात घोड्यावर चाबूक उचलला नाही आणि तरी लोक त्यांना चाबूकस्वार म्हणायचे. सगळे हसले. मग तुमच्या मुलाने माझ्याकडे बघितलं. "संध्याताई, तू बोल की. तू तर त्यांची शेवटची शिष्या."

मी उठले. माईक हातात घेतला. "मामांनी मला..." एवढंच म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू नव्हतं आलं, मामा. जे बोलायचं होतं ते तिथे बोलता येण्यासारखं नव्हतं, आणि ते सोडून दुसरं काही बोलले असते तर तेही खोटंच झालं असतं. तुमच्याशी खोटं बोलले तेवढं पुरे झालं.

म्हणून हे लिहितेय.

तुम्हाला पहिल्यांदा बघितलं ते भाईंदरला, गोडदेवच्या टोकाला, आमच्या तबेल्याच्या अर्ध्या भिंतीपलीकडे. इथल्या नगरपालिकेची महानगरपालिका होऊन थोडेच दिवस झाले होते. तुमच्या मुलाने शांती नगरात घर घेतलं आणि निवृत्त झाल्यावर तुम्हाला आणि मामींना तिथे आणलं. सकाळी फिरायला म्हणून निघायचात आणि लिदीचा वास येईल तिथे थांबायचात. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन घोड्या होत्या, लग्नाच्या वरातीला लावायच्या. आबा रत्नागिरीहून आले ते दुसऱ्याची बग्गी हाकायला. वीस वर्षांनी स्वतःच्या दोन घोड्या झाल्या, त्याचा त्यांना फार अभिमान. थोरल्या घोडीचं शिंगरू म्हणजे चिमणी. तेव्हा अडीच वर्षांची होती, काळपट तांबडी. एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून चिमणी.

तीन दिवस तुम्ही नुसते बघत उभे होतात. चौथ्या दिवशी विचारलंत, "पोरी, ह्या शिंगराला कुणी शिकवायलंय का न्हाई?"

"आबा शिकवणार होते. पण त्यांचे गुडघे गेलेत."

"मग तू?"

"मला कामावर जायचं असतं. हाटकेशला गाळ्यात आहे मी, पॅकिंगला. नऊची ड्यूटी."

"नवाला अजून लई येळ हाय," असं म्हणत तुम्ही भिंतीवर हात टेकून आत उतरलात. चार पावलांवर फाटक होतं, पण तुम्ही भिंतीवरूनच आलात. साठी उलटलेल्या माणसाला मी असं उतरताना पहिल्यांदाच बघत होते.

पहिले दोन महिने तुम्ही मला घोड्यावर बसण्याबद्दल एक अक्षर बोलू दिलं नाहीत. रोज साडेपाचला यायचं, खरारा करायचा, चारी पाय एकेक करून उचलायचे, दोर धरून मागच्या मोकळ्या प्लॉटवर फिरवायचं. तिथे आपण बांबू ठोकून गोल रिंगण केलं होतं. मी वैतागायचे. तुम्ही म्हणायचात, "घाई आपल्याला आसती. तिला न्हाई." मग रिकामं गोणपाट तिच्या पाठीवरून सरकवायचं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. पहिल्या दिवशी गोणपाट बघून ती रिंगणाच्या पलीकडच्या बांबूपर्यंत उडाली होती. आठव्या दिवशी गोणपाट पाठीवर असताना तिने चारा खाल्ला, आणि तुम्ही मला हळूच म्हणालात, "बघ, कान बघ. कान ढिले सोडलेत तिनं." त्या दिवसापर्यंत घोड्याचे कान मी फक्त सजवायचे म्हणून बघितले होते.

माझा श्वासही तुम्हीच मला पहिल्यांदा दाखवलात. "तू श्वास धरलास की ती पळायची तयारी करती. सोड." मी सोडायचे. तीही नाकपुड्यांतून फुर्रर करून सोडायची. गाळ्यात सुपरवायझर ओरडला की मी आजही तसाच श्वास सोडते. त्याला वाटतं मी उसासे टाकतेय.

चौथ्या महिन्यात खोगीर आलं. तुम्ही ते आठवडाभर नुसतं तिच्या गव्हाणीशेजारी ठेवलंत, तिला हुंगू दिलंत, चाटू दिलंत. मग पाठीवर ठेवायचं आणि काढायचं. तंग, म्हणजे खोगीर जागेवर राहावं म्हणून पोटाखालून बांधायचा तो पट्टा, तुम्ही तिला सगळ्यात शेवटी दाखवलात. "घोड्याच्या पोटाला वाघ धरतो," तुम्ही सांगितलंत. "रानात. त्याच्या रक्तात हाय ते. म्हणून तंग एक एक भोक करून आवळायचा. आज एक. उद्या दुसरं. कधी घाई करायची न्हाई. ह्याच्यात चूक झाली तर जन्मभर ऱ्हाती."

हे तुम्ही मला आधीच सांगितलं होतंत, मामा. मला माहीत नव्हतं असं नाही.

मग आबांची थोरली घोडी लंगडायला लागली. लग्नसराई तोंडावर आली होती आणि भाईंदर पश्चिमेच्या एका ओळखीच्या घरचं लग्न आबांनी वर्षभर आधी घेतलं होतं. धाकटीची तारीख त्याच दिवशी दुसरीकडे होती. आबा चहा पिताना सहज म्हणाले, तसं म्हणाले की ठरवूनच म्हणाले, "चिमणी चालली तर चालली. नाहीतर हंगामानंतर देऊन टाकू. उत्तनला एक जण मागतोय, बीचवर पोरं फिरवायला. बसून खाणारं जनावर मला परवडत नाही."

मी तुमच्याकडे आले. आठवतं ना? तुम्ही रिंगणातले बांबू घट्ट करत होतात.

"मामा, पंधरा दिवसांत होईल? नुसतं चालायचं. मी दोर धरून पुढे असेन. किलोमीटरभर वरात."

"न्हाई."

"आबा तिला विकतील."

"तरी न्हाई. पाठीवर आजून माणूस बसला न्हाई तिच्या. नवरा बसवणार, फेट्याचा, घामाघूम, दोन्ही हातानं धरून बसलेला. वर बँड, वर फटाके. घोडं म्हंजी काय खुर्ची हाय?"

"मग आमचं पोट कशावर चालतं, मामा? तुम्हाला पेन्शन आहे."

हे मी बोलले. तुम्ही बांबूची दोरी आवळत राहिलात. नंतर एवढंच म्हणालात, "आबांशी मी बोलतो." पण बोलणं राहिलं, कारण दुसऱ्याच दिवशी तुमच्या गावाहून तुमचे चुलतभाऊ वारल्याचा फोन आला आणि तुम्ही परभणीला गेलात. जाताना भिंतीपाशी थांबून म्हणालात, "मी येईपर्यंत नुसतं फिरव. खोगीर घालू नकोस. आठ दिवस."

चार दिवस मी ऐकलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी खोगीर घातलं. तंग एका दमात चार भोकं आवळला, कारण ढिला राहिला तर खोगीर सरकेल एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती उभी राहिली. मला वाटलं, बघा, उगाच मामा घाबरवतात. रिंगणात बसले असते तर कोणीतरी बघितलं असतं, म्हणून तिला मिठागरांकडच्या बांधावर नेली. तिथे एका दगडावर चढून मी रिकिबीत पाय घातला आणि पाठीवर बसले.

ती हललीच नाही. ते सगळ्यात वाईट होतं, मामा. पाठीखाली दगड झाला. पोट फुगवून धरलेलं, कान मागे चिकटलेले. तुम्ही शिकवलेलं सगळं मला त्या क्षणी दिसत होतं आणि मी त्यातलं काही केलं नाही. उतरले नाही. श्वास सोडला नाही. टाच मारली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पाठ कमानीसारखी वर आली. आभाळ. मग खाऱ्या मातीचा वास, अगदी नाकाशी. डोकं वर केलं तर खोगीर फिरून तिच्या पोटाखाली गेलं होतं आणि ती त्यालाच लाथा मारत बांधावरून धावत होती. प्रत्येक लाथेला रिकीब तिच्या मागच्या पायांवर आपटत होती आणि प्रत्येक आपटण्याला ती आणखी जोरात पळत होती. असा आवाज घोड्याच्या तोंडून येतो हे मला माहीत नव्हतं. बांध संपला तशी ती चिखलात शिरली आणि गुडघ्यापर्यंत रुतून थांबली.

मी पोचले तेव्हा ती थरथरत होती. दोन्ही बाजूला मिठाचे पांढरे ढीग, आणि मधोमध ती, पोटाखाली ते लोंबकळणारं ओझं घेऊन. मी चिखलात आडवी झाले आणि तिच्या पोटाखाली हात घातला. तिने एक पाय उचलला असता तर माझं डोकं फुटलं असतं. तिने उचलला नाही. बकल सुटायला किती वेळ लागला, माहीत नाही. मी सारखं म्हणत होते, "सोड, श्वास सोड," आणि ते मी कुणाला म्हणत होते, तेही माहीत नाही.

तबेल्यात आणून तिला धुतलं. पोटावर, पुढच्या पायांच्या मागे, कातडं आडवं सोलून निघालं होतं. हळद लावली. आबांना सांगितलं, कुंपणाची तार लागली.

तीन दिवसांनी तुम्ही आलात. पिशवी खाली ठेवायच्या आधी चिमणीकडे गेलात. अंगठा त्या जखमेच्या कडेने फिरवलात.

"ह्ये काय?"

"तार लागली. कुंपणाची."

"तार अशी आडवी कशी लागंल?"

"लोळली असेल तिथे."

तुम्ही माझ्याकडे बघितलं. मी चारा निवडत होते. तुम्ही म्हणालात, "बरं. भरू दे आधी." आणि मला इतकं हलकं वाटलं की मी तुमच्यासाठी टपरीवरून चहा घेऊन आले.

भाईंदरच्या त्या लग्नाला आबांनी ओळखीतून दुसऱ्याची घोडी आणली. म्हणजे ज्यासाठी मी सगळं केलं ते माझ्याशिवायच निभावलं. जखम भरली, वर केसही आले. मग एक दिवस तुम्ही म्हणालात, "आज खोगीर घालू."

तबेल्यात खांबापाशी. मी पुढे दोर धरून, तुम्ही तिच्या डाव्या अंगाला, पाठ खांबाकडे. खोगीर पाठीवर ठेवलंत. ती उभी राहिली. तुम्ही वाकून तंग पोटाखालून घेतलात, नेहमीसारखं काहीतरी गुणगुणत. तिचा कान मागे गेला. मग दुसरा. डोळ्याचं पांढरं दिसलं. तिचं पोट फुगलं, आणि तेच, बांधावरचं, ती दगड झाली.

तुम्हाला तिथून तिचे डोळे दिसत नव्हते. मला दिसत होते.

एक शब्द पुरला असता. "थांबा." एवढाच. तो शब्द माझ्या तोंडात आला होता, मामा, जिभेवर होता. पण थांबा म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, का. आणि मी विचार केला, कदाचित नाही करणार ती काही. एवढा विचार करायला मला वेळ मिळाला. म्हणजे थांबा म्हणायलाही वेळ होता.

तुम्ही पहिलं भोक आवळलंत.

ती सरळ तुमच्या अंगावर आली. मध्ये तुम्ही आणि मागे खांब. तुमच्या कमरेतून जो आवाज आला तो सुकलेला बांबू मोडल्यासारखा होता. तुम्ही ओरडला नाहीत. खाली घसरत असताना मला म्हणालात, "दोर सोडू नको. तिला बाहेर ने. हळू."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. वॉर्डात आबा तुमच्या पायाशी उभे राहून म्हणाले, "किसनराव, मी त्या खुनशी घोडीला उद्याच्या उद्या घालवतो."

तुम्ही मान हलवलीत. "तिचा दोष न्हाई."

"अहो, तुम्हाला मारलं तिने!"

"तिला कुणीतरी शिकवलंय, का तंग म्हंजी मरण. विकू नका, आबा. अशी विकली तर जिथं जाईल तिथं माणूस मारंल, न्हाईतर लोक तिला मारतील. मला बरा होऊ द्या."

आबा डॉक्टरांना भेटायला बाहेर गेले. मामी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. पलंगापाशी मी एकटी. तुम्ही छताकडे बघत विचारलंत, "संध्या, मी गावाला होतो तवा काही झालं होतं का?"

"नाही, मामा."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत.

त्या एका "बरं"वर मी सहा वर्षं काढली. कधी वाटायचं, तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही मला सोडून दिलंत. कधी वाटायचं, तुम्ही खरंच विश्वास ठेवलात. पहिलं खरं असेल तर मी तुमच्या दयेवर जगले. दुसरं खरं असेल तर त्याहून वाईट. दोन्ही वेळा मला तुमच्यापाशी येऊन बसायचं असायचं आणि दोन्ही वेळा मी चहा सांगून यायचे.

चार महिन्यांनी तुम्ही रिक्षातून उतरलात, वॉकर घेऊन. मामी बरोबर होत्या आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होता. तुम्ही तिथे यावं हे त्यांना नकोच होतं. मी रिंगणाबाहेर प्लास्टिकची खुर्ची मांडली. तुम्ही बसलात, वॉकर बाजूला सरकवलात आणि म्हणालात, "पहिल्यापासून. गोणपाट आण."

सगळं पहिल्यापासून. पण या वेळी हात माझे होते आणि तोंड तुमचं. तंगाच्या जागी तुम्ही मामींच्या जुन्या सुती लुगड्याची पट्टी आणायला लावलीत. ती तिच्या पोटाखालून घ्यायची, दोन्ही टोकं हातात धरायची, किंचित ओढायची, आणि चिमणी हलायच्या आत सोडून द्यायची. "आत! हलायच्या आत!" तुम्ही खुर्चीतून ओरडायचात. "तिला कळू दे, ह्ये सुटतंय. धरलं तरी सुटतंय." रोज शंभरदा. तीन आठवडे. पहिल्या दिवशी मी पट्टी इतक्या घाईने सोडली की चिमणीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बाविसाव्या दिवशी पट्टी घट्ट धरलेली असताना तिने शेपटी हलवून माशी उडवली, आणि तुम्ही खुर्चीच्या हातावर थाप मारलीत.

मग खोगीर. मग तंग, एक भोक. मी तंगाला हात घातला की लगेच मागे घ्यायचे. तुम्हाला वाटायचं मी तिला घाबरतेय. "भ्या नको," तुम्ही म्हणायचात, "मी हाय." खुर्चीत बसलेला, वॉकरवाला माणूस मला म्हणायचा, मी आहे.

ज्या दिवशी पाठीवर बसायचं ठरलं, त्या दिवशी मी कामावर दांडी मारली. तुम्ही आधी मला पोटावर आडवं व्हायला लावलंत, खोगिरावर, धान्याच्या पोत्यासारखं. पायरीसाठी उलटा क्रेट. "झोप. श्वास सोड. उतर." पुन्हा. पुन्हा. दहाव्या वेळी म्हणालात, "आता पाय टाक पल्याड. घासू नको."

मी पाय टाकला. बसले.

तेच. पाठीखाली दगड. कान मागे. मिठागरांचा तो वास माझ्या नाकात आला. माझा श्वास अडकला.

"संध्या," तुम्ही अगदी हळू म्हणालात, "गाणं म्हण."

"काय?"

"कायबी म्हण. गाणं म्हणताना श्वास धरता येत न्हाई."

मला एकही गाणं आठवेना. मी सतराचा पाढा म्हणायला लागले. सतरे एके सतरा, सतरे दुणे चौतीस. सतरे पाचे पंचाऐंशीला तिचं पोट खाली बसलं. सतरे साते मला आठवेना आणि तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "एकशे एकोणीस." तिचा एक कान तुमच्याकडे वळला, मग माझ्याकडे. आणि तिने आपणहून एक पाऊल टाकलं.

"उतर," तुम्ही म्हणालात.

"आत्ताच? ती चालतेय, मामा!"

"म्हणूनच उतर."

उतरून मी तिच्या मानेला मिठी मारली. तुमच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. तुम्ही मामींना म्हणत होतात, "बघितलंस? बघितलंस का?" आणि मामी म्हणाल्या, "बघितलं. चला आता, गोळी घ्यायची हाय."

मामा, आपलं भांडण तरी पुरं व्हायला हवं होतं. वरातीचं. दीड वर्षाने मी चिमणीला वरातीला लावली, कानात कापूस घालून, बँडपासून लांब, माझ्या अटींवर. तुम्ही दोन महिने तबेल्यात आला नाहीत. मला राग आला होता. तुम्ही तिला वाचवलंत ते मान्य, पण तिने खायचं काय, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मग शांती नगरातल्या एका वरातीत मला फुटपाथवर काठी टेकून उभे असलेले तुम्ही दिसलात. नवऱ्याकडे बघत नव्हतात, रोषणाईकडे नाही, तिच्या पायांकडे बघत होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आलात आणि म्हणालात, "डावा मागचा पाय टेकताना आखडती. नाल बघ." नालेचा खिळा खरंच आत बोचत होता. तुम्ही चुकलो म्हणाला नाहीत. मीही नाही. पण त्यानंतर रोज येत राहिलात, आणि मी आतापर्यंत तिला फटाक्यांपुढे उभी केलेली नाही. चार वर्षांत तिने एकदाही पाय वाकडा टाकला नाही. तुम्ही लंगडत राहिलात.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले आणि मामींना सगळं सांगितलं. बांध, तंग, तार, वॉर्डातलं ते "नाही, मामा". त्या निवडत होत्या ते तांदूळ तसेच ताटात राहिले. मग म्हणाल्या, "चवदा महिने मी त्यांना आंघोळ घातली. खुर्चीत बसवून."

"हो, मामी."

"मला सांगून तू मोकळी झालीस. आता मी काय करू ह्याचं?"

माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "माफ करायचं काम माझं न्हाई. ते गेले." मी उठून आले. रिक्षाही केली नाही, चालत आले.

वाटलं होतं, आता त्या घराचं दार मला बंद.

आज सकाळी त्या तबेल्यात आल्या. एकट्या. रिंगणाच्या त्या दिवसांनंतर पहिल्यांदाच. चिमणीपुढे उभ्या राहिल्या. चिमणीने त्यांचा पदर हुंगला. मामी मागे सरकल्या नाहीत.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "काल मला नीट ऐकू आलं न्हाई. मी ऐकतच न्हवते. त्या दिवशी बांधावर काय झालं, ते पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. सगळं. दगडावरून कशी चढले, टाच कशी मारली, कशी उडाले, ती चिखलात कशी शिरली. त्या बसल्या नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, घोडं बघावं तसं.

"म्हंजी तू बी पडलीस की. तुला कुठं लागलं होतं?"

मामा, हे मला सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं तर विचारणार कोण? वर एवढं लिहिलं त्यातही मी ते लिहिलं नाही, आत्ता लक्षात आलं. मी डावा हात पुढे केला. मनगट अजून पुरतं वळत नाही. तेव्हा महिनाभर लांब बाहीचे कपडे घातले होते, गाळ्यात खोकी उजव्या हाताने उचलली होती, डॉक्टरकडे गेले नव्हते, कारण डॉक्टरने विचारलं असतं, कशाने झालं.

मामींनी मनगट दोन्ही हातांत धरलं. वळवून बघितलं. जिथे दुखतं तिथेच त्यांचा अंगठा थांबला.

"येडी हायस," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग होता, दोन्ही एकदम. "आगं, त्यांनीबी आधी ह्येच विचारलं असतं."

हो, मामा. तुम्ही विचारलं असतंत. मी तुम्हाला विचारू दिलं नाही.